अकरा वेळा मेलेले डॉक्टर

त्र्यंबकराव डॉक्टर आमच्या गावात अकरा वेळा मेले. बाराव्या खेपेला ते मेहकरला, आपल्या घरी, दुपारच्या झोपेत गेले, आणि त्या वेळी मात्र त्यांनी आम्हा कोणालाच बोलावलं नाही. मला त्याचा अजून राग आहे. अकरा वेळा माणसाच्या उशाशी उभं राहायचं आणि खऱ्या वेळेला आपल्याला चार दिवसांनी टपालाने कळायचं, ही काय रीत झाली? पण तो राग तूर्त बाजूला ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, बाई नुसती भांडायलाच बसली.

मी तेव्हा पिंपळगाव राजाच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. मूळची खामगावची. चौदाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं. वडिलांनी लोकांचं ऐकलं नाही आणि मला अमरावतीला ट्रेनिंगला धाडलं. तिथून मी शुद्ध भाषा शिकून आले. वर्गात ती बोलत असे. राग आला की मात्र खामगाव बाहेर पडायचं. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेला. सरकार नागपूरला, जिल्हा बुलढाण्याला, आणि आम्ही कोणाच्या खिजगणतीत नाही. त्र्यंबकराव हे जिल्ह्याचे हेल्थ ऑफिसर. हे मोठे साहेब असतील असं त्यांच्याकडे पाहून कोणाला वाटलं नसतं. अंगाने गोल, डोक्यावर सोला हॅट, कोटाचं मधलं बटण कायम तुटलेलं. वरिष्ठांशी इंग्रजी बोलत ते अगदी गुळगुळीत. आमच्याशी मात्र मेहकरचीच बोली, तिला कधी इस्त्री केली नाही.

पहिली भेट शाळेत झाली. मी मुलींकडून पावकी म्हणून घेत होते. दारात हा गोल माणूस हॅट हातात घेऊन उभा.

"बाई, तुमचा आवाज पार मारुतीच्या पारापासून ऐकू येऊन राह्यला."

मला वाटलं, तक्रार आहे. मी म्हटलं, "मुली ऐकत नाहीत. ओरडावं लागतं."

"नाही नाही, वरडा! मले असाच आवाज पाह्यजे होता. तीन गावं हिंडलो, कुठं भेटला नाही."

अशा रीतीने मी त्यांच्या पथकाची नाईक झाले. माझं ट्रेनिंग, माझं वाचन, माझं अक्षर, कशाची म्हणून त्यांनी विचारपूस केली नाही. नेमणूक झाली ती घशाची! घरी येऊन मी आईजवळ चांगली तासभर धुसफुसले.

पथक म्हणजे गावातलीच वीस-बावीस बायका-माणसं, फुकट काम करणारी. वऱ्हाडात दर दोन-चार वर्षांनी उन्हाळ्यात पटकी, म्हणजे कॉलरा, यायची आणि डॉक्टर येईपर्यंत अर्धी आळी घेऊन जायची. तेव्हा डॉक्टर येण्याआधी काय करायचं ते गावानेच शिकून ठेवावं, असा त्र्यंबकरावांचा खटाटोप. माणसं ते आपल्याच हिशेबाने निवडत. करीमचाचा पिंजारी का घेतला? तर गाद्या पिंजायला तो गावातल्या प्रत्येक घरात जातो आणि एका घरची गोष्ट दुसऱ्या घरात सांगत नाही. अशा माणसाला बायका आजार लपवणार नाहीत. काशीराम का घेतला? तर त्याच्याकडे कोसा आणि पवन्या ही शंकरपटाची जोडी होती. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, आणि पंचक्रोशीतल्या गावांत काशीरामच्या जोडीपुढे कोणाची जोडी गेली नव्हती. पिवळा फेटा, पिळदार मिशा, आणि बायको गिरजा सोडली तर जगात कोणाला भीत नसे. अत्यवस्थ रोगी खामगावच्या दवाखान्यात पोचवायचा, ही त्याची कामगिरी. तिथे शिरेतून मिठाचं पाणी देण्याची सोय होती. पण खामगाव आमच्यापासून चांगलं सहा कोस.

चार महिने डॉक्टरांनी शिकवलं. पाणी शुद्ध करायला विहिरीत लाल दवा किती टाकायची, पाणी किती उकळायचं, रोग्याचे कपडे कुठे जाळायचे, चुना कुठे टाकायचा. आम्ही माना डोलावल्या. मग एके दिवशी सकाळी ते पारावर आले, चाचांची खाट मागवली, तिच्यावर उताणे पडले आणि म्हणाले, "समजा, मी मेलो. गावात पटकी आली. आता करा." आणि हॅट तोंडावर घेतली.

आम्ही सगळे खाटेभोवती उभे राहिलो. कोणी हलेना. शेवटी एकाने विचारलं, "साहेब, पयले काय कराचं?"

हॅटखालून आवाज आला, "मी मेलो ना बे!"

मग काशीरामने विचारलं, गाडी आत्ताच जुंपू की नंतर. डॉक्टर उठून बसले. "माझ्याकडं काय पाहता? माझ्या तोंडावर दवा लिहेल हाये काय?" पुन्हा आडवे झाले. थोड्या वेळाने कोणीतरी चुना भलतीकडेच टाकायला निघालं, तर हा मेलेला माणूस खाटेवरून हात करून ओरडायला लागला. चाचा शांतपणे पुढे झाले, खांद्यावरची चादर काढली आणि डॉक्टरांच्या डोक्यापासून पायापर्यंत ओढली.

"मुर्दा कधी बोलते काय, साहेब? चुप राहा."

चादरीखाली पोट गदगदा हललं. तेव्हापासून चादरीचं काम चाचांकडे लागलं ते कायमचं. एक सवलत डॉक्टरांनी आपणहून जाहीर केली: "जेवनापुरता मी जिंदा."

त्या दिवशी दुपारी जेवणापुरते जिंदे झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "बाई, अर्धं गाव गेलं. तुमी लाल दवाची बाटली हातात धरून विहिरीपाशी उभ्या होत्या."

"तुम्ही टाका म्हणाला नाहीत," मी म्हटलं.

मी ते ठसक्यातच म्हटलं होतं. पण एवढा हसरा माणूस, त्याचा चेहरा एकदम उतरला. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. "हेच," म्हणाले, "हेच नको पाह्यजे मले." आणि हात धुवून उठले. मला काही कळलं नाही. मला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

तिसऱ्या मरणाची कथा मात्र अजून खामगावच्या बाजारात सांगतात. त्या खेपेला रोगी म्हणून एक सरकीचं पोतं घेतलं होतं. त्याला जुनं लुगडं नेसवलं, कपाळाला हळद लावली, आणि डॉक्टरांनी त्याचं नाव ठेवलं सरकीबाई. मी हाळी दिली, "गाडी!" काशीरामने सरकीबाईला गाडीत टाकलं, मिशीवरून हात फिरवला आणि असा सुटला की धुरळा खाली बसायला पाच मिनिटं लागली. दुपारी तो परत आला. बैलांच्या तोंडाला फेस, हा आपला राजासारखा उभा. खाटेवरच्या चादरीला म्हणाला, "साहेब, दोन तासांच्या आत खामगाव! घड्याळ पाहून घ्या!" आणि दवाखान्याच्या कंपाउंडरची चिठ्ठी पुढे केली. मी ती मोठ्याने वाचली: "गाडी मिळाली. रोगी मिळाला नाही. तरी रोगी पाठविण्याची व्यवस्था व्हावी."

काशीरामने वळून गाडीत पाहिलं. गाडी रिकामी. पहिल्याच उतारावर सरकीबाई खाली पडली होती, आणि या बहाद्दराने सहा कोसांत एकदाही मागे पाहिलं नव्हतं. पटात मागे पाहणारा हरतो ना! आम्ही शोधायला गेलो तर उताराखालच्या वस्तीवर एका बाईच्या गोठ्यात लुगडं दोरीवर वाळत घातलेलं आणि म्हैस रवंथ करत बसलेली. डॉक्टरांनी आपल्या वहीत रोग्याच्या नावापुढे लिहिलं, "म्हशीने खाल्ला." त्या दिवशी मेलेल्याला हसू आवरेना आणि चाचांनाही चादर धरवेना.

पण काशीरामला तोंडाने सांगून उपयोग नव्हता. त्याला पटाच्या भाषेतच सांगायला हवं होतं. त्या वर्षीच्या शंकरपटात डॉक्टरांनी पंचांना गळ घालून एक नवी फेरी ठेवली. गाडीत काठोकाठ भरलेली घागर ठेवायची, मैदानाला तीन वेढे घालायचे, आणि ज्याच्या घागरीत जास्त पाणी उरेल तो जिंकला. लोक पोट धरून हसले. काशीराम सगळ्यांच्या आधी आला. घागर ठणठणीत रिकामी, आणि हा फेट्यापासून जोड्यापर्यंत ओलाचिंब. पहिला नंबर एका बुढ्याचा आला, बाजाराला भाजी नेणारा. त्याचा एक बैल लंगडा होता. डॉक्टरांनी त्याला फेटा बांधला आणि काशीरामला ऐकू जाईल असं म्हणाले, "रस्त्यानं रोग्याले घोट घोट उकळेल पानी पाजाचं असते. घागर सांडली त पाजसान काय? घागर पोचली त मानूस पोचते."

काशीराम आठ दिवस कोणाशी बोलला नाही. मग तो गुपचूप चाचांकडे गेला आणि म्हणाला, घागर बसेल असं सुतळीचं जाळं विणून द्या, गाडीत टांगतो, म्हणजे हिसके लागणार नाहीत. लबाडीच करायची होती त्याला, दुसरं काय! पण डॉक्टरांना ते कळलं आणि हा माणूस आनंदाने जवळजवळ नाचला. "अरे, मंग मानसालेबी असंच टांगा ना!" त्या लबाडीतून आमची गाडी जन्माला आली. गाडीच्या साट्यात चाचांनी विणलेली टांगती खाट, तिच्याशेजारी टांगती घागर. पुढे रोज सकाळी शाळेत जाताना मला काशीराम दिसे, भरली घागर गाडीत घेऊन बैलांना आर्जवाने सांगत, "हळू रे माझ्या राजा, हळू." बैलांचे कान टवकारलेले. आपला मालक आजारी आहे की काय, असं वाटत असावं त्यांना.

सातव्या की आठव्या मरणाच्या वेळची गोष्ट. जेवणापुरते जिंदे होऊन डॉक्टर माझ्या ओट्यावर बसले होते, आणि मी वैतागले होते. परीक्षा तोंडावर आलेल्या, त्यात हे. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला इतका मरायचा सोस कसला हो? चांगले जिवंत आहात, समोर उभे राहून शिकवा ना."

ते हसले नाहीत. हातातली भाकरी मोडत मोडत म्हणाले, "माझी एक मोठी बहीण होती, बाई. सरूताई. मेहकरच्या खालतं एका खेड्यात देल्ली होती. मी तवा नवा नवा डॉक्टर, नौकरी बैतूलले. सुट्टीत आलो का तिले सगळं सांगो. पटकी आली त काय कराचं, पानी कसं उकळाचं. लाल दवाची बाटलीबी देऊन ठेवली होती. ताईले सगळं तोंडपाठ. मंग खरंच पटकी आली. तिनं मले तार केली, अन् घरच्याइले सांगतलं, माझा भाऊ येते, तोवर कोनी कायले हात लावू नोका. त्याले समजते, त्याले येऊ द्या."

मी वाढायची थांबले.

"दोन दिवस लागले मले याले. ताई गेली होती. तिची पोरगीबी. फडताळात पाह्यलं त बाटली तशीच. बूच होतं तसंच होतं." भाकरीचा चुरा झाला होता त्यांच्या हातात. "अडानी नोती वो माझी बहीन. फक्त माझी वाट पाहत बसली. तुमी त्या दिवशी बाटली धरून उभ्या होत्या ना, मले तीच दिसली."

मी आत गेले आणि उगाच चुलीतलं लाकूड पुढे-मागे करत राहिले. त्यानंतर त्यांच्या मरणाला मी कधी नाक मुरडलं नाही. इतकंच नव्हे, चाचा नसले तर चादर मीच ओढत असे.

दहाव्या मरणाला नागपूरहून खात्याचे गोरे साहेब आले. आधी कळवलं नव्हतं. मोटार पारापाशी थांबली, बरोबर तहसीलदार. आमची कवायत ऐन रंगात आलेली. साहेबाने विचारलं, हेल्थ ऑफिसर कुठे आहेत? तहसीलदारांनी मला विचारलं. मी खाटेकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ते मेलेत."

तहसीलदार पांढरेफटक. साहेबाला समजावून सांगितलं, तसा तो बिचारा खाटेपाशी गेला आणि डोक्यावरची टोपी काढून मान खाली घालून उभा राहिला. चादरीखालचं पोट हलायला लागलं. मी तिकडे पाहीना, मला भीती वाटत होती हसू फुटायची. डॉक्टर उठायला धडपडत असावेत, कारण चाचांनी चादर दोन्ही हातांनी दाबून धरली आणि साहेबाला अदबीने म्हणाले, "हुजूर, अभी नहीं. गाडी येऊ द्या." मग तहसीलदारांनी घाम पुसत सगळा प्रकार उलगडून सांगितला. साहेब पाराच्या कट्ट्यावर बसला आणि दीड तास ती कवायत पाहत राहिला. जाताना त्याने डॉक्टरांचा हात हातात घेऊन काहीतरी इंग्रजीत म्हटलं. दोन महिन्यांनी डॉक्टरांची चांद्याला बदली झाली. ती शाबासकी होती की शिक्षा, हे मला आजवर कळलेलं नाही.

जाण्याआधी ते अकराव्यांदा मेले. त्या दिवशी मी हाळी दिली, विहिरींवर माणसं गेली, चुलींवर हंडे चढले, गाडी सुटली, आणि मध्येच खाटेवरून एक घरघर ऐकू आली. मी घाबरून धावले. चादर वर केली तर डॉक्टर तोंड उघडं टाकून घोरत होते! आजवर एकाही मरणात या माणसाने निवांत डोळा मिटला नव्हता. चादरीखालून कान आमच्याकडे लागलेले असायचे. मी हाक मारणार, तोच चाचांनी मला अडवलं.

"निजू द्या बाई. आज साहेब पुरे मेले."

निघताना मात्र त्यांचा धीर सुटला. गाडीत बसले, उतरले, माझ्याकडे आले आणि खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. पत्त्याच्या बाजूला चांद्याचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहिलेला, दुसरी बाजू कोरी. "साथ आली त दोन ओळी टाकजा. नाही म्हनजे, मी काही येऊ शकनार नाही. पन माझ्या जिवाले बरं." मी म्हटलं, टाकीन. आणि मनापासून म्हटलं.

पुढच्या वैशाखात पटकी आली. एका लग्नाला बाहेरगावचे पाहुणे आले होते, त्यांच्यातला एकजण जानवशातच आडवा झाला. चाचांनी येऊन सांगितलं, मी शाळा सोडली आणि चौकात उभं राहून ओरडले. त्या दिवशी माझा आवाज दोन गल्ल्या नाही, चार गल्ल्या गेला असेल. तासाभरात विहिरींचं पाणी लाल झालं होतं. कोणी कोणाला विचारलं नाही, पयले काय कराचं म्हणून. एक बाई मडक्यातलं शिळं पाणी ओतून द्यायला तयार होईना, तर चाचांनी आपल्या हाताने तिच्या दारात हंडा उकळून ठेवला आणि मग ते मडकं तिने स्वतःच उपडं केलं. नऊ दिवस हे चाललं. तरी दोघं गेली: एक म्हातारा आणि एक दोन वर्षांचं लेकरू. त्या लेकराचं नाव मला अजून घेववत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गिरजा पडली. काशीरामची गिरजा. तो गाडी घेऊन दुसऱ्या रोग्याला पोचवून आला आणि पाहतो तो घरात ही. दोन तासांत तिचे डोळे आत गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती, पायांत गोळे येत होते, आणि आवाज तर बसलाच. आम्ही तिला टांगत्या खाटेवर घातली. काशीरामने घरच्या ताज्या बैलांची जोडी जुंपली, म्हणजे कोसा आणि पवन्या. मी घागरीपाशी वाटी घेऊन बसले.

सहा कोस! चिमूटभर मीठ घातलेलं पाणी मी घोट घोट तिच्या तोंडात घालत होते, ती अर्धं ओकत होती, आणि मी पुन्हा घालत होते. वाटेत तिने डोळे फिरवले. माझा सगळा धीर गेला. शुद्ध भाषा गेली, पथक गेलं, नाईक गेली. मी किंचाळले, "काशीराम, पळव ना रे! पळव! हे बैल कायले पोसले तुनं?"

त्याने मागे पाहिलं नाही. "बाई," तो म्हणाला, "घागर सांडंल."

आणि बैलांना म्हणाला, "हळू रे माझ्या राजा, हळू." त्याच चालीने आम्ही गेलो. सबंध वाटभर एक थेंब बाहेर सांडला नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा घागर अर्धी झाली होती, ती गिरजाच्या पोटात गेली म्हणून. तोच कंपाउंडर बाहेर आला. काशीरामला ओळखून म्हणाला, "या टायमाले रोगी हाये ना रे गाडीत?" काशीराम जुवावर डोकं टेकवून ढसाढसा रडायला लागला. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या मिशांवरून पाणी गळत होतं आणि बैल मान वळवून त्याच्याकडे पाहत होते.

गिरजा वाचली. पंधरा दिवसांनी घरी आली आणि आल्या आल्या त्याला फेटा मळवला म्हणून बोलली. गाव सावरलं.

दसऱ्याच्या सुमाराला त्र्यंबकराव रजेवर मेहकरला जायला निघाले होते. वाटेत खामगावला त्या कंपाउंडरने त्यांना सगळं सांगितलं. ते तसेच गाडी करून आमच्याकडे आले. पारावर मी, चाचा, काशीराम, सगळे गोळा झालो. डॉक्टर गाडीतून उतरले तेच लालबुंद होऊन.

"पटकी येऊन गेली?"

"हो."

"नऊ दिवस?"

"हो."

"मंग मले काऊन नाही कळवलं, बाई?"

मी तोंड उघडलं. काहीतरी खोटं सांगावं असं फार वाटत होतं. टपाल बंद होतं, वेळ नव्हता, कार्ड हरवलं. पण त्या माणसापुढे जीभ वळेना. शेवटी काशीरामच म्हणाला, "साहेब, खरं सांगू काय? ध्यानातच नाही आलं."

"कोनाच्या?"

"कोनाच्याच नाही."

"चाचा?"

"नाही साहेब. माफ करा."

"बाई, तुमच्याबी?"

मला रडू यायला लागलं होतं. घरच्या कार्यात वडीलधाऱ्यालाच सांगायचं राहून जावं, तसं झालं होतं. मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर. नऊ दिवसांत तुमची एकदाही आठवण झाली नाही. नंतर झाली, तेव्हा लाज वाटली म्हणून लिहिलं नाही."

त्यांनी मग हात पुढे केला. "कार्ड कुठाय?"

मी शाळेत गेले. नकाशांच्या कपाटात, हजेरीच्या जुन्या पुस्तकात ते होतं, पत्त्याची शाई थोडी विटलेली. आणून दिलं. डॉक्टरांनी ते उलटं केलं, चष्मा पुसला, आणि ती कोरी बाजू वाचायला लागले. वरपासून खालपर्यंत, सावकाश, एखादी मोठी खबर आली असावी तसं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"तीस वर्सं नौकरी केली, बाई," ते म्हणाले, "असं पत्र मले आजवर कोनी धाडलं नोतं." आणि मग, "सरूताईनं धाडाले पाह्यजे होतं. असंच. कोरं."

ते कार्ड त्यांनी आतल्या खिशात ठेवलं. मग चाचांच्या खाटेवर बसले, आडवे झाले आणि हॅट तोंडावर घेतली. हॅटखालून काही शब्द आला नाही. पण ते गोल पोट गदगदा हलत होतं, आणि ते हसण्याने नाही हे आम्हा सगळ्यांना समजत होतं. पारापाशी माणसं जमायला लागली होती. चाचा उठले, खांद्यावरची चादर काढली आणि लोकांना दिसू नये म्हणून त्यांच्या अंगावरून डोक्यापर्यंत ओढली.

ती खेप आम्ही अकरांत धरलेली नाही.